पोतराजाचे मोकळे केस: मागची बट पुढे येते, लांबून टक्कल पडतं, धुरात सगळाच गोंधळ

बालाघाट_पिक्सेल (तुळजापूर)

नमस्कार मंडळी. संगणकावर थ्रीडीत बनवतोय तो सीन असा आहे: मरीआईचा गाडा, पुढे पोतराज, हातात आसूड, पायात घुंगरू, कमरेपर्यंत मोकळे केस. मागं टेंभा पेटलेला आणि मधून धुपाचा धूर. बाकी सगळं बसलंय, केसांपाशी गाडं अडलंय.

रेंडरर (चित्र काढणारा प्रोग्रॅम) स्वतःचा, व्हल्कन या ग्राफिक्स एपीआयवर, फॉरवर्ड पद्धतीचा (वस्तू काढतानाच उजेडाचा हिशोब), ४ सॅम्पलचा एमएसएए (कडा मऊ करायला दर पिक्सेलमध्ये ४ ठिकाणी तपासणी). पडदा १९२० × १०८०, लक्ष्य ६० फ्रेम, कार्ड जीटीएक्स १६५०, ४ जीबीचं. केस म्हणजे २४० हेअर कार्डं (बटांचं चित्र चिकटवलेल्या सपाट पट्ट्या), सगळ्यांना मिळून २०४८ × २०४८ चं एकच टेक्स्चर (म्हणजे ते चित्र). आतापर्यंत एवढं करून झालं:

साधं अल्फा ब्लेंडिंग (अल्फा या ० ते १ मधल्या आकड्याप्रमाणे मागच्या रंगात मिसळणं), डेप्थ (कॅमेऱ्यापासूनचं अंतर) लिहिणं बंद. समोरून ठीक दिसतं, डोकं वळलं की मानेमागचे केस कपाळावर येतात. दर फ्रेमला कार्डं मध्यबिंदूच्या अंतराने लावून पाहिली, तर गिरकी घेताना बटा खाडकन जागा बदलायल्यात.

अल्फा टेस्ट, मर्यादा ०.५ (त्याहून कमी अल्फाचा पिक्सेल टाकून द्यायचा). क्रमाची भानगड मिटली, पण कडा कात्रीने कापल्यासारख्या. सहा-सात मीटरवरून तर टक्कलच पडायलंय.

वेटेड ब्लेंडेड पारदर्शकता (क्रम न लावता अंतरानुसार वजन देऊन रंगांची सरासरी). केस मलमलीच्या पडद्यासारखे आरपार दिसतात. कॅमेरा मानेजवळ नेला की काळे ठिपके येतात आणि ब्लूम (उजळ भागाभोवती चकाकी पसरवणारा परिणाम) ते ठिपके चौकोनी करून पसरवतो.

शिवाय धूर एकतर सगळा केसांच्या पुढे, नाहीतर सगळा मागे. आणि टेंभा पाठीमागं असून केसांच्या कडेला उजेड धरत नाही. यातली कोणती वाट धरावी?

---

शेडरवाला_जालना

सगळ्या तक्रारींचं मूळ एकच आहे. तुम्ही अल्फाला "आरपार दिसणं" समजताय. केसांच्या बाबतीत अल्फा म्हणजे पिक्सेलचा किती भाग झाकला गेला, एवढंच.

शाळूच्या रानाच्या बांधावर उभं राहून पाहा. ताटातून पलीकडचं दिसत नाही, ताटांमधून दिसतं. लांब गेलात की तेच रान विरळ पडद्यासारखं वाटतं, पण एकही ताट पारदर्शक झालेलं नसतं. केसांचं तंतोतंत तसंच आहे.

आता आकडे घ्या. कॅमेऱ्याचा उभा कोन ४० अंश असेल तर १ मीटरवर पडद्याची उंची ०.७२८ मीटर. भागिले १०८०, म्हणजे एक पिक्सेल साधारण ०.६७ मिमीचा. माणसाचा केस ०.०५ ते ०.१ मिमी जाडीचा, आपण ०.०७ धरू. एका मीटरवर एक केस पिक्सेलचा जेमतेम दहावा भाग झाकतो. तुमच्या टेक्स्चरमधला मऊ अल्फा हा त्या दहाव्या भागाचाच हिशोब आहे. केस काचेचा झालेला नाही.

हे पटलं की पुढचं सोपं होतं. ठोस वस्तूचा क्रम डेप्थ बफर (दर जागी सगळ्यात जवळच्या वस्तूचं अंतर जपणारा साठा) फुकटात लावून देतो. म्हणून केस ठोसच काढायचे, फक्त पिक्सेलच्या एखाद्या हिश्श्यापुरते.

कार्डं अंतराने लावून हा प्रश्न कधीच पूर्ण सुटणार नाही. तिपेडी वेणी डोळ्यांपुढे आणा: पहिला पेड दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर आणि तिसरा परत पहिल्यावर. यात "सगळ्यात मागचा" पेड कोणता? कोणताच नाही. कार्डं एकमेकांतून आरपार गेलेली असली तरी तेच. अख्ख्या कार्डाला एकच क्रमांक देणारी कुठलीही पद्धत इथं हरते, मग सॉर्टिंग कितीही वेगात करा.

तुमच्याकडे ४ सॅम्पलचा एमएसएए आहेच, तो कामाला लावा. पहिला मोह अल्फा-टू-कव्हरेज (अल्फाच्या प्रमाणात पिक्सेलचे सॅम्पल भरणं) चालू करण्याचा होतो. नुसतं ते करू नका. ४ सॅम्पलमध्ये पायऱ्या मिळतात पाचच: ०, ०.२५, ०.५, ०.७५ आणि १. त्याहून मोठी अडचण अशी की सारखा अल्फा आला की बहुतेक वेळा सारखाच मुखवटा (कोणते सॅम्पल भरायचे त्याची यादी) निघतो. ०.५ अल्फाची दोन कार्डं एकावर एक आली तर दोघं तेच दोन सॅम्पल भरतात. ७५ टक्के झाकलं जायला हवं, झाकलं जातं ५० च. आठ थर दिले तरी केस विरळच राहतात. लोक मग आणखी कार्डं घालत बसतात आणि डोक्याचं टोपलं होतं.

त्याऐवजी मुखवटा शेडरमध्ये (ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) स्वतः लिहा. अल्फाला ४ ने गुणा, त्यात ० ते १ मधला यादृच्छिक आकडा मिळवा, पूर्णांक भाग घ्या. तेवढे सॅम्पल चालू करायचे, पण कोणते, हेही यादृच्छिक. ४ सॅम्पलचे एकूण मुखवटे १६ च, त्यामुळे छोटा तक्ता पुरतो. ही २०१० साली एन्डर्टन आणि सहकाऱ्यांनी मांडलेली स्टोकॅस्टिक पारदर्शकता. प्रत्येक सॅम्पलवर डेप्थ टेस्ट होते, त्यामुळे त्रिकोण कुठल्याही क्रमाने काढा, सरासरी बरोबरच येते. बदल्यात नॉईज येतो. त्याचा बंदोबस्त टीएएने (मागच्या फ्रेमची चित्रं सरासरीत मिसळून) करायचा.

ज्याला टीएए नको त्याने २००४ सालची शॉयरमनची चार पासची (केस चार फेऱ्यांत काढण्याची) पद्धत बघावी. पहिल्या पासात फक्त जवळपास अपारदर्शक भागाची डेप्थ लिहायची, रंग बंद. दुसऱ्यात तोच भाग डेप्थ "समान" ठेवून रंगवायचा. तिसऱ्यात मऊ कडांच्या मागच्या बाजू, डेप्थ न लिहिता. चौथ्यात पुढच्या बाजू, डेप्थ लिहून. कार्डांचा क्रम एकदाच ठरवून फाईलमध्ये ठेवायचा: टाळूलगतचे आधी, बाहेरचे शेवटी. डोकं गोल असल्यामुळे हे चालतं. कॅमेऱ्याकडच्या अर्ध्या भागात आतला थर नेहमी बाहेरच्याच्या मागे असतो आणि पलीकडचा अर्धा भाग डोक्याआड झाकलेला असतो. चापून बसवलेल्या केसांना ही पद्धत आजही उत्तम. पोतराजाने गिरकी घेतली आणि केस डोक्यापासून सुटले की "आतला-बाहेरचा" हा भेदच उरत नाही, म्हणून तुमच्या कामाची नाही.

दोन्हीत एक सामायिक चूक होते. "समान" डेप्थ टेस्टसाठी दोन्ही पासांत शिरोबिंदूचं गणित शेवटच्या बिटापर्यंत सारखं लागतं. दोन वेगळे व्हर्टेक्स शेडर असतील तर कंपायलर गुणाकार-बेरीज वेगळ्या तऱ्हेने जोडतो आणि केसांवर किड्यांसारखे ठिपके वळवळतात. पोझिशनला "इनव्हेरियंट" लावा, किंवा सांध्यांचं गणित (हाडांबरोबर शिरोबिंदू हलवणं) एकदाच कॉम्प्युट शेडरमध्ये करून दोन्ही पासांना तोच बफर द्या.

---

गोदाकाठ (नांदेड)

वेटेड ब्लेंडेडबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ते का फसतं हे आकड्यांत पाहिल्याशिवाय पटत नाही.

मॅकग्वायर आणि बाव्हॉइल यांच्या २०१३ च्या पद्धतीत जी वजन-सूत्रं दिली आहेत त्यातलं सर्रास उचललं जाणारं सूत्र असं: ०.०३ भागिले (०.००००१ अधिक (अंतर ÷ २००) चा चौथा घात). निकाल ०.०१ ते ३००० च्या दरम्यान बांधायचा आणि अल्फाने गुणायचा. हे शेकडो मीटर पसरलेल्या सीनसाठी घडवलेलं आहे.

आता अंतर १ मीटर घाला. १/२०० चा चौथा घात ०.०००००००००६ च्या आसपास, ०.००००१ पुढे तो नसल्यातच जमा. वजन ३०००. अंतर १.२ मीटर घाला: २९९९.६. पाच मीटर: २८८७ च्या आसपास. म्हणजे डोक्याच्या २० सेंटीमीटर खोलीत पुढची बट आणि मागची बट यांचं वजन एकच. सूत्राला पुढचं-मागचं कळतच नाही.

परिणाम बघा. पुढे काळी बट, अल्फा ०.९. मागे टेंभ्याच्या उजेडातली बट, अल्फा ०.९. खरं उत्तर: पुढचीचा वाटा ०.९, मागचीचा ०.०९. या सूत्राचं उत्तर: दोघींना ०.४९५. जिचा वाटा ९ टक्के हवा ती निम्मं चित्र घेऊन बसली. तुमची मलमल ती हीच.

काळे ठिपकेही इथूनच. बेरजेचा बफर १६ बिटांचा फ्लोट असणार, त्याची कमाल ६५,५०४. अल्फा १ असलेला प्रत्येक थर ३००० टाकतो. बाविसाव्या थराला बेरीज ६६,००० होते, म्हणजे अनंत. काहीही भागिले अनंत शून्य, आणि अनंत भागिले अनंत म्हणजे संख्याच नाही. मानेवर कॅमेरा नेला की २२ थर सहज भरतात. नंतर ब्लूम तो एक बिघडलेला पिक्सेल शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटत सुटतो.

हीच पद्धत ठेवायची असेल तर केसांच्या सीमापेटीची (सगळ्या केसांना वेढणाऱ्या चौकटीची) जवळची आणि लांबची डेप्थ काढून अंतर ० ते १ मध्ये आणा. वजन जवळ २००, लांब १ असं घातांकी उतरवा. ६५,५०४ ला २०० ने भागलं की ३२७ थरांची सोय होते. मलमल बरीच कमी होईल, पण ०.९ च्या वरच्या अल्फाला ही पद्धत मुळातच शोभत नाही. ती धुराला, धुळीला, पातळ थरांना द्या. धुपासाठी ती उत्तम आहे, तिथं ठेवाच. केसांवरून काढा.

---

दुधना_टेक्स्चर (परभणी)

टक्कल पडतं ते मिपमॅपमुळे (लांबून वापरायला टेक्स्चरच्या लहान केलेल्या प्रती), शेडरचा त्यात दोष नाही.

समजा टेक्स्चरमध्ये बट २ टेक्सेल (टेक्सेल म्हणजे टेक्स्चरचा एक ठिपका) रुंद आणि मग ६ टेक्सेलची फट, असं चाललंय. तिसऱ्या मिप पातळीत ८ × ८ टेक्सेलचा एक टेक्सेल होतो. सरासरी अल्फा ०.२५. मर्यादा ०.५. सगळंच गळालं. जवळून २५ टक्के झाकणारं कार्ड लांबून शून्य टक्के झाकतं.

प्रचलित उपाय असा: दर मिप पातळीत अल्फाला असा गुणक लावायचा की मर्यादा ओलांडणाऱ्या टेक्सेलचं प्रमाण मूळ पातळीइतकंच राहील. युनिटी या गेम इंजिनात टेक्स्चर आयात करताना कव्हरेज राखण्याचा पर्याय असतो तो हाच. झाडांच्या पानांना हे छान चालतं. केसांत मात्र खालच्या पातळ्यांवर अल्फा सगळीकडे सारखाच होतो, वरच्या उदाहरणात सरसकट ०.२५. मग गुणक लावून एकतर सगळे टेक्सेल पास होतात, नाहीतर एकही नाही. टक्कल नाहीतर टोपी.

म्हणून मर्यादाच बदलती ठेवायची. ०.५ च्या जागी दर ठिकाणी वेगळा यादृच्छिक आकडा ठेवला की ०.२५ अल्फाचे पिक्सेल चारपैकी एकदा पास होतात. वायमन आणि मॅकग्वायर यांचं २०१७ चं हॅश्ड अल्फा टेस्टिंग हेच. गोडो ४ या गेम इंजिनच्या मटेरियलमध्ये अल्फा हॅश नावाचा पर्याय तयारच मिळतो. जालन्याच्या दादांनी सांगितलेला मुखवटा हा त्याचाच एमएसएएतला भाऊ, त्यामुळे तुमच्या दोन तक्रारी एका झटक्यात जातील. तो केल्यावर गुणक लावलेले मिप मात्र वापरू नका. साध्या सरासरीचे मिप द्या, नाहीतर झाकणी दोनदा वाढेल आणि लांबून केस हेल्मेटसारखे जाड दिसतील.

टेक्स्चरमधल्या आणखी काही गोष्टी. कडेला पांढरी किंवा काळी रेघ दिसत असेल तर अल्फा शून्य असलेल्या जागेतला रंग तपासा. काही प्रोग्रॅम पीएनजी लिहिताना तिथला रंग पुसून काळा-पांढरा करतात आणि शेजारचे टेक्सेल मिसळणारा बायलिनियर फिल्टर तो कडेत ओढून आणतो. केसांचा रंग कडेबाहेर किमान १६ टेक्सेल पसरवून ठेवा. मिप जितके खोल तितकी पसरण जास्त लागते. माझं मत विचाराल तर रंगाचं टेक्स्चर ठेवूच नका. मुळापासून टोकापर्यंतचा उतार, दर बटेचा क्रमांक, बटेची खोली आणि अल्फा एवढे चार चॅनल पुरतात, रंग शेडरमध्ये तयार होतो. अल्फा एकट्याने बीसी४ मध्ये (बीसी म्हणजे टेक्स्चर दाबून साठवण्याचे प्रकार) ठेवला तर २०४८ ला २ एमबी, मिप धरून पावणेतीनच्या आत. चारही चॅनल एकत्र बीसी७ मध्ये ठेवले तर ४ एमबी, पण मग अल्फाच्या बारीक टोकांची थोडी माती होते. टोकं महत्त्वाची. केस "केस" वाटतात ते टोकांमुळे.

---

बालाघाट_पिक्सेल (तुळजापूर)

मनापासून आभार. मुखवट्याचा तक्ता बसवला. कपाळावर येणारे मागचे केस गेले, टक्कल गेलं. आता दोन शंका. एक, पिक्सेलनिहाय लिंक्ड लिस्ट (दर पिक्सेलवरच्या सगळ्या थरांची यादी) ठेवून नेमका क्रम लावता येतो असं वाचलंय, मग हा नॉईज कशाला सोसायचा? दोन, टीएए लावला तर गिरकीत केसांची भुतं मागं रेंगाळायलीत, आणि उभं असताना केसांवर वाळू सळसळल्यासारखी दिसते.

---

लातूर_व्हल्कन

लिंक्ड लिस्टचा हिशोब मांडतो, मग तुम्हीच ठरवा.

१९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. पिक्सेलमागे सरासरी ८ थरांची जागा धरली तर १,६५,८८,८०० नोंदी. एका नोंदीत रंग ४ बाइट, डेप्थ ४, पुढच्या नोंदीचा पत्ता ४, म्हणजे १२ बाइट. झाले १९९ एमबी. एमएसएएसाठी सॅम्पलचा मुखवटाही ठेवायचा तर १६ बाइट, २६५ एमबी. वरून दर पिक्सेलच्या पहिल्या पत्त्याला ८ एमबी. ४ जीबी कार्डावर हे मावतं, पण दुखणं मेमरीच्या आकाराचं नाही, ये-जा करणाऱ्या डेटाचं आहे. जीटीएक्स १६५० ची बँडविड्थ तशीही बेताचीच.

शिवाय ८ ही सरासरी झाली. कॅमेरा मानेजवळ गेला की पडदाभर केस आणि पिक्सेलमागे ३० थर. जागा संपली की पुढच्या नोंदी टाकून द्याव्या लागतात. कुठल्या टाकल्या जातील ते जीपीयूच्या त्या क्षणीच्या वेळापत्रकावर, त्यामुळे दर फ्रेमला वेगळी भोकं लुकलुकतात. यावर सर्वमान्य तोडगा: जवळचे ८ थर नीट क्रमाने, उरलेले सगळे क्रम न बघता एकत्र मिसळायचे. आठ थरांखाली काय आहे ते डोळ्याला तसंही कळत नाही. एएमडी कंपनीच्या ट्रेसएफएक्स या केसांच्या तंत्राने २०१३ साली या वाटेने एक-एक केस रेंडर करून दाखवला, तेव्हा पद्धत सिद्ध आहे यात वाद नाही.

करणारच असाल तर एक गोष्ट विसरू नका. शेडर बफरमध्ये स्वतः लिहू लागला की बहुतेक वेळा डेप्थ टेस्ट शेडरच्या नंतर ढकलली जाते. डोक्याआड झाकलेले केसही यादीत नोंदले जातात, निम्मी जागा अशीच वाया जाते, आणि ते केस चित्रात चेहऱ्यावर उमटतात. फ्रॅगमेंट शेडरला (दर पिक्सेलसाठी चालणाऱ्या शेडरला) "अर्ली फ्रॅगमेंट टेस्ट्स", म्हणजे डेप्थ टेस्ट आधी, सक्तीने लावा. केसांच्या या पासात डेप्थ लिहिणं बंदच असतं, त्यामुळे त्यात डिस्कार्ड (पिक्सेल टाकून देणं) असला तरी बिघडत नाही.

माझा कौल मात्र जालन्याच्याच बाजूने. लिंक्ड लिस्ट एका स्थिर डोक्याच्या क्लोज-अपला द्यावी. तुमच्या सीनमध्ये धूर, आग, गर्दी आहे, तिथं केस अपारदर्शक पासात असण्याचा फायदा मोठा. पुढचं शेडरवाले सांगतीलच.

---

शेडरवाला_जालना

आधी भुतं. गिरकी सेकंदाला एक फेरा धरली तर ६० फ्रेमला दर फ्रेमी ६ अंश. केसांचं टोक अक्षापासून अर्धा मीटर लांब असेल तर एका फ्रेममध्ये ५.२ सेंटीमीटर सरकतं. कॅमेरा ३ मीटरवर असताना पिक्सेल २ मिमीचा, म्हणजे टोक २६ पिक्सेल पुढे गेलं. टीएए मात्र जुना रंग त्याच जागी शोधतोय, कारण केसांचे मोशन व्हेक्टर (कुठला पिक्सेल मागच्या फ्रेमपासून किती सरकला ते) बहुधा तुम्ही लिहीतच नाही. पारदर्शक पासातून केस आता अपारदर्शक पासात आलेत, तेव्हा वेग लिहिणाऱ्या पासातही त्यांना घ्या. नुसते डोक्याच्या हाडाचे मागच्या फ्रेमचे मॅट्रिक्स पुरणार नाहीत. केस सिम्युलेशनवर चालत असतील तर मागच्या फ्रेमच्या शिरोबिंदूंचा अख्खा बफर जपून ठेवा.

दुसरी गोष्ट, विरळ कडेचा पिक्सेल या फ्रेमला केसाचा असतो, पुढच्या फ्रेमला मागच्या भिंतीचा. त्याचा वेगही तसाच उड्या मारतो. म्हणून ३ × ३ शेजारात जो पिक्सेल कॅमेऱ्याला सगळ्यात जवळ आहे, त्याचा वेग घ्या. एवढ्यानं कडेचं थरथरणं लक्षात येण्याइतकं कमी होतं.

आता वाळू. यादृच्छिक आकडा कशावरून काढताय? पडद्यावरच्या पिक्सेलच्या जागेवरून काढला तर डोकं हलतं आणि ठिपके पडद्याला चिकटून राहतात, जाळीच्या दारातून बघितल्यासारखं. आकडा वस्तूच्या स्वतःच्या निर्देशांकांवरून, म्हणजे कार्डाच्या जागेवरून, काढा आणि ठिपक्याचा आकार पिक्सेलएवढा राहील असा डेरिव्हेटिव्हने (शेजारच्या पिक्सेलपर्यंत जागा किती बदलते त्यावरून) बांधा. त्यात कार्डाचा क्रमांक मिसळायलाच हवा, नाहीतर एकावर एक आलेली कार्डं पुन्हा तोच मुखवटा देतील आणि अल्फा-टू-कव्हरेजचंच दुखणं मागल्या दारानं परत येईल. दर फ्रेमला त्या आकड्यात ०.६१८ मिळवून पूर्णांक भाग टाकून द्या, म्हणजे काही फ्रेममध्ये ० ते १ मधली सगळी पट्टी सारखी भरते. टीएए जुन्या चित्राला ०.९ वजन देत असेल तर स्थिर चित्रात जवळजवळ १९ फ्रेमच्या सरासरीइतका नॉईज निवळतो. एवढं करूनही सळसळ राहिली तर शेजाऱ्यांच्या रंगावरून जुना रंग दाबणारी टीएएची मर्यादा फार घट्ट आहे. केसांवर ती थोडी सैल करा.

गिरकीत जुनं चित्र बरंचसं फेकलंच जाणार आणि नॉईज उघडा पडणार. तेव्हा वेग वाढेल तसा अल्फा जरा कडक करा: ०.१ च्या खालचा शून्य, ०.८ च्या वरचा एक, मधला ताणून. वेगात मऊ कडा कुणी बघत नाही. शेवटी मोशन ब्लर असेलच.

डेप्थ पासात आणि रंगाच्या पासात हाच आकडा यायला हवा. फ्रेम क्रमांक दोन्हीकडे एकाच ठिकाणाहून द्या. एका पासात जुना, एकात नवा गेला की निम्मे केस गायब होतात, आणि आधी सांगितलेल्या "समान" डेप्थच्या चुकीसारखंच दिसतं, म्हणून शोधायला वेळ जातो. रेंडरडॉक या तपासणीच्या साधनात दोन्ही पासांचा एकच पिक्सेल उघडून बघा, लगेच कळतं.

धुराचं तर आपोआप सुटतं. फ्रेमचा क्रम असा: जमीन, गाडा, माणूस आणि केस यांची डेप्थ, मग त्यांचा रंग, मग धूर, डेप्थ वाचून पण न लिहिता. केसांची डेप्थ बफरमध्ये सॅम्पलनिहाय आहे, त्यामुळे मागचा धूर केसांच्या फटींतून डोकावतो आणि पुढचा केसांवर पसरतो. कुणाला पुढं-मागं लावायची गरजच नाही. दोन पथ्यं पाळा. धूर एमएसएए असलेल्याच बफरवर, सॅम्पल एकत्र करण्याआधी काढा. आधी एकत्र केलेत तर केसांची डेप्थ सपाट होते आणि केसांभोवती धुराची कोर दिसते. आणि धुराचं कार्ड केसांना जिथं छेदतं तिथं डेप्थमधला फरक १५ सेंटीमीटरच्या आत आला की धुराचा अल्फा हळूहळू शून्यावर न्या, नाहीतर सरळ रेघ पडते.

---

बिंदुसरा (बीड)

टेंभ्याच्या उजेडाचं राहिलंच, ते घ्या.

काजिया आणि के यांचं १९८९ चं मॉडेल फक्त केसावरून परतणारा उजेड धरतं. पाठीमागच्या टेंभ्याचा केसाच्या आरपार येणारा उजेड त्यात येतच नाही. मार्शनर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली तीन वाटा वेगळ्या केल्या: पृष्ठभागावरून परतलेला, केसाच्या आरपार गेलेला, आणि आत जाऊन पलीकडच्या भिंतीवर आपटून परत आलेला. पहिला उजेडाच्याच रंगाचा, दुसरा-तिसरा केसाच्या रंगात बुडालेला. तुम्हाला हवी ती दुसरी वाट.

गंमत म्हणजे खरी पारदर्शकता इथं आहे, अल्फात नाही. आणि ती किती थोडी आहे ते बघा. युमेलानिन (केसाला काळा-तपकिरी रंग देणारं द्रव्य) लाल, हिरवा, निळा शोषतं ते ०.४१९, ०.६९७, १.३७ या प्रमाणात, केसाची त्रिज्या १ मानून. तपकिरी केसांना त्याचं प्रमाण १.३ धरलं तर व्यासाएवढ्या वाटेत लाल ३४ टक्के पार जातो, हिरवा १६, निळा ३. काळ्याभोर केसांना प्रमाण ८ धरलं तर लालसुद्धा ०.१ टक्का. म्हणजे तुमच्या पोतराजाचे केस काळेभोर ठेवलेत तर आरपार उजेड जवळजवळ येणारच नाही. जे दिसेल ते तिरप्या कोनातून परतलेलं. उन्हातान्हात हिंडून पिंगट झालेले केस दाखवायचे तर प्रमाण २ ते ३ च्या दरम्यान ठेवा. निळा आधी मरतो, लाल टिकतो, म्हणून कडेला तांबूस झाक आपोआप येते. हाताने नारिंगी रंग घालू नका, तो लगेच खोटा दिसतो.

एका केसाचं हे झालं. झुपक्यातून उजेड किती येतो ते शॅडो मॅपवरून (टेंभ्याच्या जागेवरून नोंदलेल्या डेप्थवरून) काढा: टेंभ्याच्या बाजूने केस जिथं सुरू होतात ती डेप्थ आणि आपल्या बिंदूची डेप्थ यातला फरक म्हणजे जाडी. उजेड जाडीबरोबर घातांकी उतरवा. सुरुवातीला १ सेंटीमीटरला ०.५५ आणि ५ सेंटीमीटरला ०.०५ उरेल असा गुणांक धरा आणि तिथून डोळ्याने जुळवा. एवढ्यावर काठ उजळतो आणि मधला झुपका काळा राहतो, जसा राहायला हवा. याहून बारकाई हवी असेल तर युक्सेल आणि कीझर यांचे २००८ चे डीप ओपॅसिटी मॅप पाहा. केस सुरू होतात तिथूनच थर मोजत असल्यामुळे तीन-चार थरांत काम भागतं.

शॅडो मॅपमध्ये केस काढताना मर्यादा दर फ्रेमला बदलू नका. तिथं आकडा स्थिर ठेवा, फक्त कार्डाच्या जागेवरून काढलेला. नाहीतर सावली मुंग्यांसारखी चालते, आणि ती चेहऱ्यावर, मळवटाच्या सपाट रंगावर पडते तेव्हा सगळ्यात आधी नजरेत येते.

---

बालाघाट_पिक्सेल (तुळजापूर)

मळवटावरच्या मुंग्या कालपासून दिसत होत्या, चेहऱ्याच्या टेक्स्चरमध्ये शोधत होतो. सावलीचा आकडा स्थिर केला, त्या थांबल्या. प्रमाण २.५ वर ठेवलंय, टेंभा मागं आला की कडेला तांबूस उजेड धरायलाय. आता मिशा आणि भुवयांनाही हाच शेडर लावू का?

---

दुधना_टेक्स्चर (परभणी)

मिशांना लावा. भुवया त्वचेला चिकटलेल्या असतात, त्यांच्या मागे लगेच कातडीच आहे, मग क्रमाचा प्रश्नच नाही. भुवया त्वचेच्या रंगात थेट रंगवा आणि वर जेमतेम आठ-दहा कार्डं साध्या ब्लेंडिंगने ठेवा. पापण्यांना मात्र मुखवटाच हवा, त्या डोळ्याच्या ओल्या थरावर येतात. तो थर स्वतः पारदर्शक असतो आणि पापण्यांनंतर काढायचा असतो.